शेजाऱ्यानं दाद मागायची कुणाकडे? गृहनिर्माणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. गृहनिर्माणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर लावला की खिडकी बंद करता येत नाही. कूलर खिडकीतच बसतो आणि हवा खेळती राहायला समोरचं दारही उघडं ठेवावं लागतं. त्यामुळे बाहेरचा प्रत्येक आवाज घरात येतो. गेल्या मे महिन्यात रात्री दीड वाजता वरच्या फ्लॅटमधून बीअरची बाटली आली ती थेट आमच्या कूलरवर. सकाळी पाहिलं तर वरचा पत्रा चेपलेला, ताटीच्या जाळीत आणि गवतात काचा रुतलेल्या. त्याच खिडकीशी माझ्या ८२ वर्षांच्या सासूबाईंची खाट असते. त्यांना अर्धांगवायू आहे. त्या रात्रीनंतर त्यांनी खाट आतल्या भिंतीकडे सरकवायला लावली. तिथे कूलरची हवा पोचत नाही. मे महिना त्यांनी तसाच काढला.

आमची स्कीम, म्हणजे फ्लॅटची इमारत, दक्षिण नागपुरात आहे. वरच्या फ्लॅटचे मालक पुण्याला असतात. अकरा महिन्यांच्या करारावर त्यांनी तो पाच मुलांना दिला होता. बाटली ही एकच गोष्ट नव्हती. रात्री गच्चीवर स्पीकर, जिन्यात शिवीगाळ आणि गेटसमोर आडव्या लावलेल्या गाड्या हे रोजचंच झालं होतं. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं होतं त्या पहाटे ऑटो गेटच्या आत येऊ शकला नाही. त्यांना खुर्चीवर बसवून आम्ही चौघांनी रस्त्यापर्यंत उचलून नेलं.

मालकांना फोन केला. ते म्हणाले, "काकू, भाडं वेळेवर येते, मी इथून काय करू? पोलिसांत द्या." ११२ वर फोन केला की गाडी यायची, आवाज बंद व्हायचा. गाडी गेली की पंधरा मिनिटांत पुन्हा सुरू. लेखी अर्ज घेऊन ठाण्यात गेले तर तिथले हवालदार म्हणाले, "हे घरमालकाचं काम आहे काकू, त्याहीले सांगा." चार महिन्यांत सहा अर्ज दिले. सगळ्यांची पोच माझ्याकडे आहे.

शेवटी मी कायदाच वाचायला घेतला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ मध्ये शेजाऱ्यांना उपद्रव होईल असं वर्तन हे जागा परत घेण्याचं कारण म्हणून स्पष्ट दिलेलं आहे. पण ती परत मागायची घरमालकानं. त्रास ज्याला होतो त्याचा उल्लेख कलमात आहे, त्याच्या हातात मात्र काहीच नाही. शिवाय आता घरं दिली जातात ती लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवाना-करारावर. तिथे कलम २४ चा उपयोग मुदत संपल्यावर घर रिकामं करून घेण्यासाठी होतो. मधल्या महिन्यांत कसं वागायचं, ते करारात लिहिलं असेल तेवढंच, आणि त्या करारात शेजारी कुठेच नसतो.

इतर नियम आहेत, नाही असं नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ मध्ये सार्वजनिक उपद्रवाला १,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पण हे त्या-त्या रात्रीपुरतं. महिनोन्‌महिने चालणाऱ्या त्रासाला आणि तो चालू देणाऱ्या मालकाला ते लागू पडत नाही.

आता दुसरी बाजूही सांगते, ती मला तितकीच जवळची आहे. माझी मुलगी पुण्यात भाड्यानं राहते, रात्रपाळी करते. पहाटे तीनला ऑफिसची गाडी तिला सोडते एवढ्याच कारणावरून सोसायटीनं तक्रार केली आणि मालकांनी तिला दहा दिवसांत घर सोडायला लावलं. आमच्या स्कीमची मीटिंग झाली तेव्हा इथेही तेच. बॅचलरला घर देऊच नका, इथून सुरुवात झाली आणि बोलणं मुलांच्या आडनावांवर आणि डब्यातल्या मटणावर गेलं. मी उठून विरोध केला. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरहून किती तरी मुलं अभ्यासासाठी नागपुरात रूम करून राहतात. त्यातली बहुतेक इतक्या शांतपणे राहतात की शेजारी कोण आहे हे कळतही नाही. त्यांना याची शिक्षा का? म्हणून नियम करायचाच तर कृत्यावर करा. उपद्रव म्हणजे नेमकं काय हे लिहून ठेवा, आणि एखाद्याची जात, धर्म, जेवण, लग्न किंवा कामाची वेळ हा उपद्रव धरला जाणार नाही हेही त्याच ओळीत लिहा.

आयर्लंडच्या २००४ च्या भाडेकायद्यात घरमालकावर शेजाऱ्यांप्रतीही कर्तव्य टाकलेलं आहे. भाडेकरूला त्याच्या जबाबदाऱ्या पाळायला लावणं हे मालकाचं काम, आणि त्यानं ते केलं नाही तर शेजारी थेट तिथल्या भाडे मंडळाकडे मालकाविरुद्ध जाऊ शकतो. आपल्याकडे हे अशक्य नाही. आपल्या भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार करार नोंदवण्याची जबाबदारी आपण मालकावरच टाकली आहे, न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंडही ठेवला आहे. मग जो भाडं घेतो त्यानं लेखी तक्रारीला ठरलेल्या दिवसांत उत्तर द्यावं, बाहेरगावी राहत असेल तर गावातल्या एका जबाबदार माणसाचा नंबर स्कीममध्ये लावावा, एवढं तरी बंधनकारक करता येईल. ऑनलाइन नोंदणीच्या कराराच्या नमुन्यातच ते कलम घाला. मालकानं ऐकलं नाही तर शेजाऱ्याला सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करू द्या. भाडेकरूची बाजू ऐकल्याशिवाय मात्र कुणालाही बाहेर काढू नका. आणि घर रिकामं करून घ्यायला जे मालक पाणी, वीज तोडतात, त्यांच्यासाठी कलम २९ आहे. तेही जरा कडक लावा.

वरच्या मुलांचा करार जूनमध्ये संपला. त्यांना याच गल्लीत दोन स्कीम सोडून दुसरा फ्लॅट मिळाला. त्याचेही मालक बाहेरगावीच असतात. परवा तिथल्या तळमजल्यावरच्या आजी, अर्ज कसा लिहायचा, हे विचारायला माझ्याकडे आल्या होत्या.

डिसेंबरच्या अधिवेशनासाठी आपण नागपुरात याल तेव्हा आम्हा दोघींना दहा मिनिटं द्यावीत, ही विनंती. सहाही अर्जांच्या पोच घेऊन येईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नागपूर