पाण्याखालच्या वावरांची नावं

चि. ताईस आबांचे अनेक आशीर्वाद.

परवा खिंडीत उभा राहून तुझ्याशी बोलत होतो, तेवढ्यात रेंज गेली. तू सांगत होतीस की कॉलेजात प्रत्येकानं आपापल्या गावावर लिहून द्यायचंय. मैत्रिणींना तासगाव, वाळवा, मिरज सगळं सापडतं, आणि आपल्या गावाचं नाव टाकलं की नुसतं निळं पाणी नि वासोटा किल्ल्याच्या सहलीच्या जाहिराती. तुझा आवाज रडवेला झाला होता. तेव्हापासून ते मनातून जात नाही. 31 वर्षं मी दुसऱ्यांची पत्रं पोचवली. आज तुला लिहायला बसलोय.

पहिलं हे लिहून घे, की आपलं गाव दोनदा वसलं. कोयनेवर धरण झालं आणि 1960 नंतर एकेका पावसाळ्यात पाणी वर चढत आलं. त्याला आता शिवसागर म्हणतात. अर्धं गाव पुनर्वसनात लांब सोलापूर, ठाण्याकडं गेलं. उरलेली घरं देव सोडवेना म्हणून डोंगराच्या अंगानं वर सरकली. तुझ्या आजोबांनी खालच्या घराचे खांब, तुळया, कौलं सगळं खांद्यावर वाहून आणलं. दाराची सागवानी चौकटसुद्धा. तुझी उंची आम्ही दर दिवाळीला जिच्यावर विळ्यानं कोरायचो, तीच ती चौकट. डाव्या बाजूला, तुझ्या पहिलीतल्या खुणेच्याही खाली दोन जुन्या रेघा आहेत बघ, त्या तुझ्या मोठ्या आत्याच्या. त्या खालच्या गावात पडल्यात. पायरीचा दगड तेवढा हलला नाही, तो तिथंच राहिला.

मी 1965 चा, म्हणजे वरच्या गावातला. दोन वर्षांचा असताना, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला. आजीनं मला घोंगडीसकट उचलून अंगणात आणलं, मागं नवी भिंत कोसळली. कोयनानगरकडं दीडशेच्या वर माणसं गेली. पाच-सहा वर्षांत दोनदा घर उभं केलं आजोबांनी. त्यांना मी कधी त्याबद्दल बोलताना ऐकलं नाही. ते बोलायचे ते फक्त वावरांबद्दल.

वैशाखात पाणी उतरलं की ते मला खाली न्यायचे. गाळ वाळून त्याला भेगा पडलेल्या असायच्या. नुसत्या जोत्यांच्या ओळी दिसायच्या, आणि आजोबा काठी टेकत चालत सांगायचे, हे आंब्याचं खाचर, ही देवाची पट्टी, इथं म्हसोबाचा दगड, ही नदीकाठची मळी, हिच्यात हरभरा व्हायचा. आता डोंगरउतारावर नाचणी आणि वरीशिवाय काय येतं? भात खालच्या चार खाचरांत, तेवढाच. मळी गेली तशी ताटातली डाळ विकतची झाली. हे तू नीट मांड. धरणात जमीन गेली असं एका ओळीत लिहिलं तर ते कुणाला कळत नाही.

कोयनेची वीज 1960 मेगावॅट. डोंगराच्या पोटातून पाणी पोफळीकडं उतरवून ती काढतात. आमच्या वाडीत खांब आले तेव्हा मी नोकरीला लागून बरीच वर्षं झाली होती, आणि आजही आषाढात तार तुटली की आठ-आठ दिवस कंदीलच. याचा मला राग आहे, ताई. राज्याला उजेड मिळाला हे चांगलंच झालं, पण ज्यांच्या चुलीवर ते पाणी चढलं त्यांच्याकडं पहिली तार यायला हवी होती. धरणातून पुढं सुटतं ते पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिळून तुझ्याच सांगलीच्या आयर्विन पुलाखालून जातं. 2019 च्या पुरात तुम्ही जे भोगलंत, त्याच्या आधी आठवडाभर इकडं आभाळ फाटलेलं होतं.

पावसाचं काय सांगू. महाबळेश्वर, नवजा या अंगाला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पडतो. टपालाची पिशवी आधी प्लास्टिकात, मग घोंगडीत, वर इरलं, असा मी चार वाड्या करायचो. मुंबईची पत्रं असायची. घरटी एक माणूस माथाडीत किंवा गोदीत, आणि महिन्याच्या दहा तारखेला मनीऑर्डर. नोटा मोजून हातात दिल्या की म्हाताऱ्या आधी त्यामागच्या चार ओळी वाचायला लावायच्या. पैसे पदरात बांधायच्या त्यानंतर. ओळी त्याच असायच्या, तब्येतीला जपा, गणपतीला येतो. तरी दोनदा वाचायला लागायच्या. आता पैसे खात्यावर जातात आणि त्यातली निम्मी घरं कुलपात आहेत. गणपती नि शिमग्याला उघडतात. परवा शिमगा संपला, दुसऱ्या दिवशी लाँच भरून गेली. पालखीला खांदा द्यायला पोरं होती, ती उतरवून ठेवायला मात्र आम्ही सहा म्हातारे.

काकाच्या उजव्या हाताचं बोट वाकत नाही, ते कशानं हे तुला कधी सांगितलं नव्हतं. तू तान्ही होतीस. लावणीचे दिवस, संध्याकाळची वेळ. बांधावरची पेंढी उचलताना त्याला फुरसं चावलं. लाँच त्या वाऱ्यात निघेना. घोंगडीची झोळी करून, बांबू घालून आम्ही चौघांनी त्याला धक्क्यावर आणलं. रात्र तिथंच काढली, इंजिन पहाटे चालू झालं. तोवर त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. मी माझ्या टोपीनं पुसत होतो. पाण्यापलीकडच्या दवाखान्यात लस नव्हती, तिथून जीपनं कास पठारावरून साताऱ्याला. वाचला तो. पण त्या रात्री धक्क्यावर बसून मी पाण्याकडं बघत होतो आणि मला पहिल्यांदा त्याची भीती वाटली. तोवर ते मला आपलं वाटायचं.

जंगलाचंही लिही, पण दोन्ही बाजूंनी. 1985 ला अभयारण्य झालं, 2010 ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. रान राखलं गेलं म्हणून झरे टिकलेत, हे मी मानतो. पण नाचणी पोटरीला आली की गवे उतरतात, एका रात्रीत वावर बसवून जातात. माळ्यावर डबा वाजवत जागायला आता जवान माणूस नाही. भरपाईच्या कागदाला तालुक्याला तीन खेपा, म्हणजे तीन दिवस बुडाले. गेल्या साली मी वरचं टेपाड पेरलंच नाही. वीस पायलीची जागा पडून आहे.

आता कामाचं. नावं मला तोंडपाठ आहेत, 34 भरली, मागच्या पानावर लिहिलीत. पण कुठलं वावर कुठं हे कागदावर सांगता येत नाही, तिथं उभं राहून दाखवावं लागतं, आणि माझे गुडघे आता दर साली ती उतरण देतीलच असं नाही. तू मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ये. पाणी तेव्हाच सगळ्यात खाली असतं, पहिला वळीव झाला की गाळात पाय टाकता येत नाही. मोजायची टेप आण आणि मोबाईल भरून आण. आपण पायरीच्या दगडापासून सुरुवात करू, मी नाव सांगीन, तू खूण कर. काकाही येतो म्हणालाय, त्याला नदीकडची चार नावं माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहेत.

बामणोलीला दुपारच्या आत पोच, संध्याकाळच्या लाँचचा भरवसा धरू नकोस. आईनं नाचणीचं पीठ नि करवंदाचं लोणचं काढून ठेवलंय. चपला नकोत, बूट घालून ये. गाळाच्या भेगांत खाली अजून ओल असते.

तुझे,
आबा