शामोनीचे वाटाडे आणि आपले म्हैसमाळ

माननीय संपादक,

खुलताबादजवळच्या म्हैसमाळ या थंड हवेच्या ठिकाणाच्या विकासाची चर्चा रस्ते आणि विश्रामगृहे यांपलीकडे सहसा जात नाही, म्हणून आल्प्समधील शामोनी या फ्रेंच गावाचा दाखला द्यावासा वाटतो. जीनिव्हाचे शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी १७६० मध्ये माँ ब्लाँ शिखराची वाट शोधणाऱ्यास बक्षीस जाहीर केले आणि ८ ऑगस्ट १७८६ रोजी त्या शिखरावर प्रथम पोहोचले ते याच खोऱ्यातील डॉक्टर पाकार आणि डोंगरात स्फटिक शोधून पोट भरणारा बाल्मा. पुढे १८२० मध्ये हिमलोटात तीन वाटाडे दगावले, तेव्हा १८२१ मध्ये वाटाड्यांची संघटना उभी राहिली, कामाच्या पाळ्या ठरल्या आणि अपघातग्रस्त कुटुंबांसाठी निधी ठेवला गेला. १९२४ मध्ये तेथे झालेल्या स्पर्धांना नंतर पहिले हिवाळी ऑलिम्पिक म्हणून मान्यता मिळाली. परंतु मला त्या निधीची गोष्ट अधिक मोलाची वाटते.

आपल्याकडे बर्फ नाही. पण वेरूळ-दौलताबादचे डोंगर आहेत, आणि त्यांतील पाऊलवाटा जाणणारी कितीतरी मुले कामासाठी वाळूजच्या कारखान्यांची वाट धरतात. गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीतला एक मुलगा कड्यावरून घसरला, तेव्हा त्याला वर काढले ते दोर घेऊन धावलेल्या गुराख्यांनीच. या तरुणांना प्रस्तरारोहण व प्रथमोपचाराचे रीतसर शिक्षण, ओळखपत्र आणि विमा देऊन म्हैसमाळला वाटाड्यांचे पहिले पथक येत्या पावसाळ्यापूर्वी उभे करावे, अशी पर्यटन विभागास कळकळीची विनंती आहे.

— एक वाचक, खुलताबाद