सर, तुमच्या वहीतल्या त्या ओळीबद्दल

आदरणीय सर,

हे पत्र हातात दिलं असतं तर "असू द्या हो" म्हणत तुम्ही ते खिशात घातलं असतं आणि विषय बदलला असता. म्हणून चारचौघांत लिहितेय.

तत्त्वज्ञानात एम. ए. झाले. त्रेचाळिसाव्या वर्षी, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिता लिहिता. पण आभार त्याचे नाहीत. तुमच्या नोट्सचेही नाहीत (तुमचं अक्षर निम्मं लागलंच नाही मला).

वीस वर्षांपूर्वी हाच विषय मी अर्धवट सोडला होता. तेव्हाचे आमचे प्राध्यापक पिवळ्या पडलेल्या वहीतून मजकूर सांगायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. एकदा शंका विचारली तर भर वर्गात म्हणाले, "अगं, अडीच हजार वर्षं हेच दळण चाललंय, पीठ काही पडत नाही. तू पाठ कर आणि पास हो." सगळे हसले. मीही हसले, आणि घरी येऊन पुस्तकं रद्दीत घातली. पुढे ज्याला त्याला तेच म्हणताना ऐकलं. हळूहळू मलाही ते पटायला लागलं होतं, याचं जास्त वाईट वाटतं.

तुम्हाला पहिल्यांदा भेटले ती मे महिन्यातली दुपार. वाचनालयातला पंखा नुसती गरम हवा ढवळत होता. मी तुम्हालाही तेच विचारलं, की हा विषय पुढे जातो का, की तेच ते? तुम्ही उत्तर दिलं नाहीत. 'येथे खाण्यास मनाई आहे' या पाटीखाली बसून पिशवीतून भाजक्या शेंगदाण्यांची पुडी काढलीत, मूठ मिटलीत आणि म्हणालात, "किती?"

मी ठोकून दिलं, पाच. मूठ उघडली. पाचच!

"तुम्हाला माहीत होतं?"

"नाही सर. आमचा पॅकिंगवाला गठ्ठा नुसता बघून किती डझन ते सांगतो, पुष्कळदा बरोबर निघतं. तरी मोजल्याशिवाय मी चलनावर सही करत नाही."

तुम्ही हसला नाहीत. "थांबा, परत सांगा," म्हणालात, पेन काढलंत आणि माझं वाक्य तुमच्या वहीत लिहून घेतलंत. खाली तारीख, माझं नाव. जन्मभर मी दुसऱ्यांचं उतरवून घेतलं होतं, सर. घरी जाताना सात रस्त्याला रिक्षा थांबली, तेव्हा कळलं की आपण रडतोय.

मुठीचा तो प्रश्न श्रीहर्षाचा, हे तुम्ही नंतर सांगितलंत. बाराव्या शतकातला तत्त्वचिंतक, त्याच्या मुठीत कवड्या. बरोबर निघालेला अंदाज म्हणजे ज्ञान नव्हे, मग ज्ञान म्हणजे नेमकं काय, असं म्हणत तो नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांच्या, व्याख्या एकेक करून मोडत गेला. चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेश या नैयायिकाला त्या व्याख्या पुन्हा घासून घ्याव्या लागल्या. तिकडे पाश्चात्त्यांत प्लेटोपासूनचा हाच घोळ १९६३ साली गेटियर या अमेरिकन तत्त्वज्ञाने तीन पानांत असा मांडला, की लोक अजून उत्तरं शोधताहेत. प्रश्न तोच, पण प्रत्येक वेळी आधीचं एखादं सोपं उत्तर बाद होतं. दळण म्हणणाऱ्यांनी जात्यात हात घालून बघितलं नसावं.

मी उत्साहाने म्हणाले होते, "म्हणजे मागावरच्या धोट्यासारखं, तोच तो फेरा, पण कापड वाढतं!" तर तुम्ही लगेच, "छान आहे, पण उपमा म्हणजे पुरावा नव्हे." तुमचा हा कोरडेपणाही मला आवडतो. गोड बोलून वाटेला लावणारे पुष्कळ भेटले.

आपल्या सोलापुरात भर उन्हात कोणी दारात आलं तर आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो, नाव-गाव मागाहून विचारतात. माझी आई तेलुगूत विचारायची, शेजारीण कन्नडमध्ये, पाणी मात्र आधी. एवढी साधी रीत शिकल्या-सवरल्या माणसांत का आटते कोण जाणे. तुम्ही मला पहिल्या दिवसापासून 'तुम्ही' म्हणालात, हेही इथेच नोंदवून ठेवते.

एक विचारायचं मात्र राहून गेलं. त्या दिवशी मूठ मिटण्याआधी तुम्ही शेंगदाणे मोजले होते का?

तुमची,
मोजल्याशिवाय सही न करणारी विद्यार्थिनी