चकती लटकते कशाने?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातलं विज्ञानाचं पान दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा पुसून. ‘अतिवाहकाच्या पातळ फिल्ममध्ये चुंबकीय क्षेत्र शिरूच शकत नाही’ असं लेखकमहाशय ठणकावून सांगतात (अतिवाहक म्हणजे पुरेसा थंड केला की विजेला अजिबात न अडवणारा पदार्थ) आणि शेजारी चित्र कसलं, तर चुंबकाच्या खाली अधांतरी लटकलेल्या चकतीचं! क्षेत्र आत शिरलंच नसतं तर चुंबकाने चकतीला दूर ढकललं असतं आणि ती खाली पडली असती. लटकते, म्हणजेच क्षेत्र आत शिरलंय आणि तिथे अडकून बसलंय. (एका ठिकाणी ‘अतिवाहक’चं ‘अर्धवाहक’ झालंय, ते मुद्रितशोधकाच्या खात्यात टाकतो.)

अतिवाहक चुंबकीय क्षेत्राला बाहेर ढकलतो, हे माइस्नर आणि ओक्सेनफेल्ड या जर्मन शास्त्रज्ञांनी 1933 साली दाखवलं ते खरंच आहे, पण ते जाड तुकड्याचं. तिथेही क्षेत्र पृष्ठभागाखाली थोडं मुरतंच, नायोबियममध्ये साधारण 40 नॅनोमीटर. फिल्मच त्याहून पातळ असेल तर अडवणार कोण? क्षेत्र फिल्मला समांतर असेल तर ते जवळजवळ जसंच्या तसं आरपार असतं. आडव्या फिल्मवर ते उभं आलं की आणखी गंमत. त्याला फिल्मला वळसा घालून कडेने जावं लागतं. आमच्या सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या गर्दीला आडवा बांबू लावून अडवा, मधले लोक निवांत उभे राहतात आणि बांबूच्या टोकांशी चेंगराचेंगरी होते. तसंच इथे क्षेत्र कडेला दाटतं आणि बाहेरचं क्षेत्र अगदी क्षीण असतानाच कडेवरून आत घुसायला लागतं. घुसतं तेही पसरून नव्हे, एकेका भोवऱ्याच्या रूपात (मधे क्षेत्राची बारीक दोरी, भोवती गरगरणारी वीज), आणि प्रत्येक भोवऱ्यातला चुंबकीय प्रवाह, म्हणजे त्यातून आरपार जाणारं एकूण क्षेत्र, ठरलेला, तसूभर कमी नाही की जास्त नाही. हे अब्रिकोसोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने 1957 मध्ये मांडलं. त्याचं नोबेल मिळायला 2003 उजाडलं, ते असो.

फिल्म पातळ झाली की हा भोवरा ऐसपैस पसरतो. पर्ल या शास्त्रज्ञाने 1964 साली तो किती पसरतो याचा हिशेब दिलाय: मुरण्याच्या खोलीचा वर्ग, गुणिले दोन, भागिले जाडी. खोली 200 नॅनोमीटर आणि जाडी 20 धरली तर उत्तर येतं 4000 नॅनोमीटर, जाडीच्या दोनशेपट! आणि आपले लेखक म्हणतात, पातळ थरात तर ‘अजिबातच नाही’.

एवढा राग येण्याचं कारण जुनं आहे. मी इथल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राचा प्रयोगशाळा सहायक होतो. 1987 मध्ये द्रव नायट्रोजनच्या थंडीत चालणारा अतिवाहक सापडला आणि दोनेक वर्षांत त्याची एक काळी चकती आमच्याकडेही आली. नायट्रोजन आणायचा कुठून? वळूंचं वीर्य गोठवून ठेवतात त्या केंद्रातून. कॅन लुनाला मागे बांधून मीच आणला, वाटेत लोक वाफ बघून बाजूला सरकत होते. चकतीवर चुंबक तरंगला, टाळ्या पडल्या. मग मी चुंबकाला बोटाने हलकेच कडेकडे सरकवलं. घसरून पडायला हवा होता, पण तो तिथेच, तिरका, अधांतरी थांबला. मी म्हटलं, सर, आत काहीतरी धरून ठेवतंय. बाहेरून आलेले पाहुणे प्राध्यापक सगळ्या मुलांसमोर म्हणाले, “टेबल वाकडं असेल. सहायकाने सहायकाचं काम करावं.”

शेजारी बांधकाम चालू होतं. गवंड्याकडून पाणसळ मागून आणली आणि टेबलावर ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध. पाहुणे तोवर चहाला गेले होते.

पदार्थात जिथे दोष असतात, मागातल्या सुताला गाठी असाव्यात तसे, तिथे हे भोवरे अडकतात आणि मग जागचे हलत नाहीत. तुमच्या चित्रातली चकती त्यांनीच धरून ठेवलीय. हे मला कुणी समजावलं नाही, पुढे ग्रंथालयात बसून वाचलं. तेव्हा ‘शिरूच शकत नाही’ हे वाक्य आता या वयात, तुमच्या छापील पानावर, पुन्हा ऐकून घ्यायची माझी तयारी नाही. दुरुस्ती छापा. चौकटीत छापा, कोपऱ्यात नको.

जाता जाता. त्याच पानाच्या तळाशी पाणीपुरवठ्याचं वेळापत्रक होतं. आमच्या भागाची वेळ पहाटे साडेतीनची दिली होती. मी आणि सौ. उठून घागरी, बादल्या, पिंप, सगळं मांडून सहापर्यंत नळाकडे बघत बसलो. पत्र लिहून होईपर्यंत तरी नळ कोरडाच आहे. ती वेळ आपल्याला कुणी कळवली, तेही दुरुस्तीच्या चौकटीतच सांगावं.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
साखर पेठ, सोलापूर