फोटोमागे पेन्सिलीने लिहिणाऱ्यांचे आभार

राज्यातल्या जुन्या फोटोंचा संग्रह गेले काही दिवस बघतेय. फोटो काढणाऱ्याचं नाव कधीतरी सापडतं, जपणाऱ्यांचं नाही. जुन्या फोटोंच्या काचेच्या निगेटिव्ह प्लेटा कडेने धरून, उभ्या ठेवून ज्यांनी तडा जाऊ दिला नाही, चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्म्स वेगळ्या, थंड जागी हलवल्या, त्या सगळ्यांचे मनापासून आभार. आणि ज्यांनी फोटोमागे मऊ पेन्सिलीने गाव, साल लिहून ठेवलं, त्यांचे तर शतशः! शाई झिरपून चेहऱ्यांवर उतरू शकते, पेन्सिल नाही.

एका फोटोत पुलाचं उद्घाटन आहे. माझी नजर मात्र कोपऱ्यातल्या अनवाणी मुलावर खिळली. तो हलला असावा, म्हणून त्याचा एक हात धूसर उमटलाय. हा मुलगा मला तुमच्यामुळे भेटला.