तातीर त्सेरुरा

ठाणे, 18 जून 2025

चि. बाळास,
शालोम आणि अनेक आशीर्वाद.

काल रात्री इस्रायलहून बोलता बोलता तुझा फोन तुटला, त्याआधी मागे सायरन ऐकू आला. मी ओट्याशी नुसती उभी राहिले. ‘ममादमध्ये, घरातल्या सुरक्षित खोलीत होतो, ठीक आहे’ हा तुझा मेसेज आला तेव्हा कुठे गॅस बंद केला. तू म्हणालास, भीती वाटते आणि भीती वाटते याची लाजही वाटते. लाज कसली रे? मला वाटते, तिकडे गाझात लेकरांना पोटाशी धरून बसलेल्या आईलाही भीती वाटतच असेल.

नोव्हेंबर 2008 मध्ये तू सात वर्षांचा होतास. मुंबईत नरिमन हाऊस या ज्यू केंद्रात अतिरेकी शिरले होते. शुक्रवार संध्याकाळ झाली, कारवाई संपली नव्हती आणि इकडे शब्बाथ, आपला शनिवारचा विसाव्याचा दिवस, लागत होता. ते केंद्र चालवणारे रब्बी (धर्मगुरू) गॅव्रिएल आणि त्यांची बायको रिव्का होल्त्झबर्ग वाचले नाहीत. त्यांच्या जेमतेम दोन वर्षांच्या मोशेला त्याला सांभाळणाऱ्या सँड्राबाईंनी बाहेर काढलं होतं. मी काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, वर खोबरेल सोडलं, वात लावायला काडी ओढली तर हात इतका थरथरत होता की दोन काड्या विझल्या. तेव्हा तुझ्या आजोबांनी हळूच ‘आना बेकोआख’ ही हिब्रू प्रार्थना म्हणायला घेतली. तिसरी काडी लागली.

ही प्रार्थना मी लहानपणापासून शुक्रवारी ‘लेखा दोदी’ या शब्बाथच्या स्वागतगीताच्या आधी ऐकत आले, अर्थ न कळता. सात ओळी, ओळीत सहा शब्द, सगळे मिळून 42. कबालावाले, म्हणजे ज्यू गूढविद्येचे अभ्यासक, म्हणतात, या शब्दांच्या पहिल्या अक्षरांत देवाचं 42 अक्षरी नाव दडलंय. आजोबांनी त्या रात्री मला पहिल्या ओळीतले दोनच शब्द समजावले, ‘तातीर त्सेरुरा’. बांधलं गेलंय ते सोडव. भीती घालव, शत्रूला मार, असं त्यात काही नाही. पोटात गाठ बसते ना, तीच धरून देवापुढे न्यायची. सायरन झाला की एका श्वासाला एक ओळ म्हण. सहा शब्द श्वासात बरोबर बसतात.

नंतर मी या विषयावर मिळेल ते वाचलं. ‘लेखा दोदी’ रचली गेली त्या गालीलमधल्या सफेद (त्स्फात) नावाच्या गावातच कबालाचे मोठे गुरू आरी, म्हणजे रब्बी इसहाक लुरिया, 1570 च्या सुमारास येऊन राहिले. 1492 मध्ये स्पेनमधून आपल्या लोकांना हाकललं होतं, त्यांची मुलं-नातवंडं त्या गावात होती. आरी अडतिसाव्या वर्षी साथीत गेले, त्यांनी स्वतः फारसं लिहिलं नाही, जे आहे ते बरंचसं शिष्य हाईम व्हिताल यांनी उतरवलेलं. आरी सांगत, सृष्टी करायची म्हणून देव आधी स्वतःला आवरून घेतो, जागा मोकळी करतो. याला त्सिमत्सुम म्हणतात. मग त्या जागेत प्रकाश आला तो भांड्यांना पेलवला नाही, भांडी फुटली आणि ठिणग्या सगळीकडे विखुरल्या. ज्यांचं घरदार फुटलं होतं, त्यांनाच हे सुचलं असेल असं मला फार वाटतं. तू त्या चार भिंतींच्या खोलीत गुडघे पोटाशी घेऊन बसतोस, तेव्हा मला त्सिमत्सुमच आठवतं. देवानंही असंच अंग चोरून घेतलं होतं.

त्या ठिणग्या उचलायच्या कशा? जेवणावरच्या प्रत्येक बेराखेनं, म्हणजे आशीर्वादाच्या प्रार्थनेनं, असं पुढे हसिदी पंथाच्या लोकांनी सांगितलं. माझ्या आजीनं कबालाचं नावही ऐकलं नव्हतं, पण मलिद्याच्या, म्हणजे गोड पोह्यांच्या नवसाच्या ताटातल्या एकेका फळावर ती बेराखा म्हणायची, घाई न करता, केळं हातात धरून डोळे मिटून. आणि ताट कुणाचं? एलियाहू हन्नाबी या आपल्या प्रेषिताचं, ज्याच्या रथाची खूण अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर आहे. आरींनाही शिकवायला एलियाहूच यायचा, असं म्हणतात. हे वाचलं त्या दिवशी मी फार रडले, आनंदानं.

विमानं बंद आहेत, कळतं मला. शुक्रवारी इथे मी दिवा लावेन तेव्हा तुझ्या अश्दोदला दुपारचे साडेचार असतील. तेवढ्या वेळी फोन कर, एकत्र म्हणू. मी एलियाहूला नवस बोलले आहे. तू आलास की मलिदा करायचा आहे. जाडे पोहे आणि वेलची आणून ठेवली आहे, नारळ आत्या अलिबागहून देणार आहे.

तुझी,
आई