हार्लेमच्या आजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय

आजी,

तुमचं नाव मी तेव्हा विचारलंच नाही, म्हणून आजी. मराठीत लिहितेय कारण इंग्लिशमध्ये आभार मानले की ते ऑफिसच्या मेलसारखे होतात, आणि तुम्ही हे वाचाल याची शक्यता तशीही नाहीच, आपले लोक वाचतील, त्यांनाही कळू दे.

फेब्रुवारी २०१३. उलट्या दिशेची सबवे पकडली, फोन मेलेला, कडेवर अकरा महिन्यांच्या पोराने भोकाड पसरलेलं, आणि उतरले कुठे तर न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, काळ्या लोकांच्या वस्तीत, १३५ स्ट्रीटला. खरं सांगते, घाबरले होते. जर्सीतल्या आपल्या मंडळींनी हार्लेमबद्दल काय काय सांगून ठेवलं होतं ते सगळं डोक्यात. समोर शॉम्बर्ग सेंटर दिसलं, लायब्ररी आहे एवढं कळलं, घुसले. तुम्ही टेबलामागून उठलात, कोण कुठची काही न विचारता आधी बाथरूम दाखवलंत, मग चार्जर दिलात, आणि मी बॅग आवरेपर्यंत लेकाला कडेवर घेतलंत. तुमच्या चष्म्याची मण्यांची माळ त्याने सरळ तोंडात घातली, तुम्ही घालू दिलीत.

नंतर तुम्ही त्याला ऑडिटोरियमबाहेर जमिनीतल्या त्या मोठ्या गोल नक्षीवर रांगायला सोडलंत आणि सहज म्हणालात, याच्याखाली लँग्स्टन ह्यूजच्या अस्थी आहेत. मी झडप घालून पोराला उचललं, आपल्याकडे कवीच्या अस्थींवर कोण पोर सोडतं! तुम्ही इतक्या हसलात. म्हणालात, १९९१ मध्ये माया अँजेलो आणि अमिरी बराका, एवढे मोठे कवी, इथेच नाचले होते, हा तर नुसता रांगतोय.

मी इंडियाची म्हटल्यावर तर तुम्ही हातच धरलात. भारतात आलेल्या आफ्रिकन लोकांवर तुमच्या लायब्ररीत प्रदर्शन चालू होतं, गुलाम म्हणून आलेले पुढे सेनापती, राज्यकर्ते कसे झाले ते. जाता जाता आर्तुरो शॉम्बर्गचं सांगितलंत, की हा प्वेर्तो रिकोचा, लहानपणी बाईंनी सांगितलं म्हणे की तुम्हा काळ्यांना इतिहासच नाही, तर गड्याने बँकेच्या टपालविभागात नोकरी करत पुस्तकं, हस्तलिखितं, चित्रं जमवली, आणि १९२६ मध्ये तो संग्रह कार्नेगी संस्थेने दिलेल्या १०,००० डॉलरमधून लायब्ररीने घेतला. आणि मग तुम्ही एका चित्रासमोर थांबलात. पांढरा जामा, हातात तलवार. मलिक अंबर.

मी म्हटलं, अहो हा तर आमच्या गावचा! तुमचा चेहरा असा खुलला की बास. तुम्ही विचारलंत, त्याने बांधलेलं काही उरलंय का तिथे? आणि मी म्हटलं, माहीत नाही.

आजी, मी औरंगाबादची. शाळेची रिक्षा रोज भडकल गेटपाशी वळायची, १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढची गर्दी बघायला बाबा तिथेच न्यायचे. रात्री फोनवर त्यांना विचारलं तर म्हणाले, अगं वेडे, भडकल गेट कुणाचं मग? मुघलांना हरवलं म्हणून १६१२ मध्ये त्यानेच बांधलं. मला मलिक अंबर म्हणजे परीक्षेतली दोन वाक्यं, गनिमी कावा आणि जमीनमहसूल. तो इथिओपियात जन्मला, पोरवयात विकला गेला, आणि निजामशाहीचा कारभार बघत मुघलांना रोखून धरलं, शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, हे कधी एका माणसाची गोष्ट म्हणून डोक्यात आलंच नाही. उलट कॉलेजात आफ्रिकेची पोरं दिसली की आमचा ग्रुप 'हबशी' म्हणून खिदळायचा. मीही. हे तुम्हाला त्या दिवशी सांगायची हिंमत नव्हती.

पुढच्या महिन्यात उत्तर घेऊन आले तर टेबलामागे दुसरंच कुणीतरी. तेव्हा आता ऐका. गेट आहे. त्याने १६१० मध्ये वसवलेलं खडकी म्हणजेच आमचं औरंगाबाद, आत्ताचं छत्रपती संभाजीनगर. जमिनीखालून शहरात पाणी आणणारी त्याची नहर आहे, नहर-ए-अंबरी, तिचे काही अवशेष अजून सापडतात. आणि कबर खुलताबादला, मागच्या डिसेंबरात लेकाला घेऊन गेले होते. त्याला तुम्ही अजिबात आठवत नाही, पण फोटो काढताना म्हणाला, माळवाल्या आजीला पाठव.

आणि एक, ते नाव 'अंबर' असं म्हणायचं. तुम्ही 'ॲम्बर' म्हणत होतात. मी दुरुस्त केलं नाही, कुठल्या तोंडाने करणार होते.